अक्काचं पत्र आणि सूनबाईची कादंबरी



दशलक्षण पर्व संपून आठवडा झाला. यंदा लिहायला उशीर झाला, कारण जे लिहायचं होतं ते आधी एका व्यक्तीला विचारून घ्यायचं होतं. तिनं हो म्हटलं, म्हणून आज बसले आहे.

इकडे कोकणात आपलं पर्व नेमकं गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. ओरोसला आमच्या आजूबाजूला सगळी घरं मुंबईच्या चाकरमान्यांनी भरलेली, रात्री भजन, फुगड्या, आणि आमच्या घरात एकाशन आणि स्वाध्याय. शेजारच्या वहिनी दरवर्षी न चुकता उकडीचे मोदक सूर्यास्ताच्या आत आणून देतात, मी पारण्याच्या दिवशी त्यांना पुरणपोळी देते. इतक्या वर्षांत ही देवाणघेवाण कधी चुकली नाही.

माझी सून घरूनच काम करते. तिचं शिक्षण बी. फार्म. काम काय, असं कुणी विचारलं की पूर्वी मी "कॉम्प्युटरवर असतं काहीतरी" म्हणायची. आता नीट सांगते. ती वैद्यकीय लेखिका आहे. औषधाच्या खोक्यात जो घडी घातलेला बारीक अक्षराचा कागद असतो ना, जो आपण वाचत नाही आणि टाकून देतो, तसले कागद, डॉक्टरांसाठीचे अहवाल, रुग्णांसाठीची माहितीपत्रकं ती लिहिते. एकदा तिनं मला दाखवलं की त्या कागदावर "अनेकदा आढळणारा त्रास" असं लिहिलं तर त्यामागे आकडा असतो. दहातल्या एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर "फार वेळा", शंभरात एक ते दहात एक असेल तर "अनेकदा", हजारात एक ते शंभरात एक असेल तर "क्वचित", आणि त्याहून कमी म्हणजे "दुर्मीळ". मी बी.कॉम. मला हे फार आवडलं. आपल्याकडे ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले म्हणतात. इथे शब्द आणि अंक एकाच वाक्यात बसलेले. तिच्या कामात एकही वाक्य आधाराशिवाय चालत नाही. प्रत्येक ओळीला विचारलं जातं की हे कुठून आलं.

हीच मुलगी रात्री जेवणं आटपली की कादंबरी लिहिते. ऐतिहासिक. डॉ. रखमाबाईंवर.

रखमाबाई आपल्यापैकी किती जणींना माहीत आहेत? आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत असतात. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' १९६८ साली आली, आमच्या पिढीनं ती वाचून पदरानं डोळे पुसले. आनंदीबाई आपल्या घरात चालतात, कारण त्या नवऱ्याच्या आग्रहानं शिकल्या. रखमाबाई "मी नांदायला जाणार नाही" म्हणाल्या, म्हणून त्या मुलींना सांगायच्या गोष्टींत बसत नाहीत. सूनबाईनं मला एक गोष्ट दाखवली ती अजून मनातून जात नाही. आनंदीबाई गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला, आणि रखमाबाईंच्या विरुद्ध निकाल लागला ४ मार्च १८८७ ला. मध्ये आठवडासुद्धा पुरा नाही. एकीसाठी लोक रडत होते, त्याच आठवड्यात दुसरीला सांगितलं गेलं की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद.

थोडक्यात सांगते. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाला मोकळीक होती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं, आणि त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. हे सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते, त्यांतले हे एक. आणि ते मराठीत वैद्यकावर पुस्तकं लिहायचे, 'गर्भविद्या व प्रसूतिकरण', 'विवाहविज्ञान' अशी. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे वैद्यकीय लेखकच की! सूनबाई त्यांना गमतीनं "माझे सिनिअर" म्हणते.

विवाहाच्या शरीरशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिणाऱ्या या माणसाच्या घरातच रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुन यांच्याच दूरच्या नात्यातला. त्यानं शिकावं, मार्गी लागावं अशी अपेक्षा होती. ते झालं नाही. मुलगी मात्र घरी बसून पुस्तकं मागवून वाचत राहिली. ती सासरी गेलीच नाही, आणि वडिलांनी तिला पाठिंबा दिला. १८८४ मध्ये दादाजीनं कोर्टात दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा असलेला माणूस गेला. त्याच वर्षी तिनं 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर पत्रं लिहिली. नाव दिलं नाही, खाली सही फक्त "एक हिंदू स्त्री".

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. त्यांचं म्हणणं, लहानपणी लग्न लावलेल्या, कधी न नांदलेल्या मुलीला जबरदस्तीनं पाठवणं हा इंग्रजी कायद्यातून आलेला प्रकार आहे, तो इथे लावता येणार नाही. त्यावर अपील झालं आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा हुकूम दिला. रखमाबाई म्हणाल्या, मग मी तुरुंगात जाते. टिळकांसारखे मोठे लोक तिच्या विरुद्ध लिहीत होते. शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजीनं हक्क सोडला. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, १८९४ मध्ये परत आल्या, आणि सुरत व राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत तीस-पस्तीस वर्षं काम केलं. पुन्हा लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ ला गेल्या, नव्वद वर्षांच्या होऊन.

आता एक गोष्ट बी.कॉम.वाल्या बाईची म्हणून ऐका. त्या ज्या वर्षी गेल्या त्याच वर्षी, १९५५ च्या मे महिन्यात, हिंदू विवाह कायदा झाला. तो आपल्या जैनांनाही लागू आहे. त्याच्या नवव्या कलमात "नांदायला या" असा दावा लावायची सोय आजही आहे, नवऱ्याला आणि बायकोलाही. कुणाला त्यासाठी देहानं ओढून नेत नाहीत हे खरं, पण कलम आहे.

तर सूनबाईनं तिच्या कादंबरीची चाळीस पानं छापून माझ्या हातात दिली. म्हणाली, "आई, मला जयंतीबाई जमत नाहीत. तुमच्या वयाच्या बाईनं वाचायला हवं."

पर्वाचे दिवस, दुपारी निवांत वेळ. मी पेन्सिल घेऊन बसले. निकालाच्या रात्रीचा प्रसंग होता. घरात दोघीच, आई आणि मुलगी. कंदिलाची वात खाली केलेली. जयंतीबाई मुलीला बराच वेळ काही काही सांगतात, पानभर. मी वाचून थांबले. पेन्सिलीनं खूण केली आणि तिला विचारलं, "हे त्या बोलल्या असं कुठं लिहून ठेवलंय?"

"कुठंच नाही. हे माझं."

"मग हे खोटंच की गं."

ती चिडली नाही. तिनं तिची वही आणून दाखवली. प्रत्येक प्रसंगासमोर समासात एक अक्षर होतं. 'आ' म्हणजे आधार आहे, 'क' म्हणजे कल्पना. तारखा, निकाल, रक्कम, पत्रं, सगळ्यांसमोर 'आ'. कंदील, वात, आईचं बोलणं, सगळ्यांसमोर 'क'. म्हणाली, "दिवसा मला 'क' लिहायची परवानगी नाही. एका शब्दानंसुद्धा नाही. पण आई, कोर्टाच्या कागदात जयंतीबाईंचं मन कुठं सापडणार? सगळे कागद पुरुषांनी लिहिलेले. मी 'क' लिहिलं नाही तर ती बाई गप्पच राहील."

मी गप्प बसले, पण पटलं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडी वाक्य घालायचं म्हणजे काय? सत्य हे आपलं अणुव्रत आहे.

तुम्हाला माहीतच आहे, दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय घेतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय आला, व्रतांचा. त्यात सत्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत. दरवर्षी वाचते, पाठ आहेत. यंदा दोन शब्दांवर अडले. एक रहोभ्याख्यान, म्हणजे दोघांमधली एकांतातली गोष्ट उघड करणं. दुसरा कूटलेखक्रिया, म्हणजे एखाद्यानं जे म्हटलं नाही ते त्यानं म्हटलं असं लिहिणं.

मला वाटलं, सापडलं. हेच मला सूनबाईला सांगायचं होतं. म्हणून टीका काढून नीट वाचली. तिथे पूज्यपाद आचार्यांनी एक शब्द जोडलेला आहे, तो इतकी वर्षं माझ्या डोळ्यांखालून निसटत होता. वंचना. फसवण्यासाठी लिहिलेलं, ते कूटलेख.

कादंबरी कुणाला फसवते? मुखपृष्ठावरच लिहिलेलं असतं की ही कादंबरी आहे. आपल्या प्रथमानुयोगातही आचार्यांनी राजा-राण्यांचे संवाद लिहिलेच आहेत, ऐकणाऱ्याला धर्म समजावा म्हणून. सूनबाईनं तर समासात 'क' लिहून ठेवलेलं. मग कूटलेख कशाला म्हणायचं? फसवण्यासाठी, दुसऱ्याच्या नावानं, न बोललेलं वाक्य.

आणि मैत्रिणींनो, तिथे बसल्या बसल्या मला माझंच अक्षर दिसलं.

१९७९ साल. मी कोल्हापूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत गावी आले होते. माझी मोठी बहीण, अक्का, लग्न होऊन दीड-दोन वर्षं झालेली, माहेरी परत आली होती. का आली ते तिनं सविस्तर सांगितलं नाही. आईला एवढंच म्हणाली, "मला तिथं जायचं नाही." तीन महिने झाले. गावात बोलणं सुरू झालं. माझ्यासाठी स्थळं बघायची होती. आण्णांनी मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून घरातली महत्त्वाची पत्रं मीच लिहायची. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. अक्काच्या सासऱ्यांना पत्र. त्यात एक वाक्य होतं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. तिची स्वतःची परत येण्याची मनापासून इच्छा आहे.

अक्का तेव्हा मागच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मधे एक दार होतं, तेही उघडं. मी उठून तिला विचारलं नाही. आण्णांना "ती असं म्हणाली का?" असंही विचारलं नाही. पत्र पुरं केलं, पत्ता लिहिला, पाकिटाला डिंक लावला. पंधरा दिवसांनी ती गेली. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं.

अक्काचा संसार झाला. दोन मुलगे आहेत, नातवंडं आहेत, भावजी बारा-तेरा वर्षांपूर्वी गेले. तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही, चांगलं झालं असंही म्हणू शकत नाही. मला माहीतच नाही, कारण मी कधी विचारलं नाही. दरवर्षी क्षमावाणीला मात्र तिला फोन करते. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." चाळीसच्या वर वर्षं हेच वाक्य. कशाबद्दल, ते कधी सांगितलं नाही. कळत-नकळत हा शब्द किती सोयीचा आहे बघा. मला तर चांगलंच कळत होतं.

रखमाबाईंना पाठवायला कोर्ट, न्यायमूर्ती, तीन वर्षं लागली, तरी त्या गेल्या नाहीत. आमच्या अक्काला पाठवायला एक आंतर्देशीय पाकीट आणि धाकट्या बहिणीचं सुवाच्य अक्षर पुरलं. त्यांच्या पाठीशी आई होती, डॉक्टर वडील होते, स्वतःच्या नावची मालमत्ता होती. अक्काच्या पाठीशी मी असू शकले असते. एवढंच माझ्या हातात होतं, आणि त्या हातात पेन होतं.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी सकाळी नऊला फोन लावला. तिच्या स्वयंपाकघरात कुकरचा आवाज येत होता. मी म्हटलं, "अक्का, यंदा कशाबद्दल ते सांगून क्षमा मागायची आहे." आणि पत्राचं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "ते पत्र सासूबाईंनी कपाटात ठेवलं होतं. काही झालं की काढून दाखवायच्या. तुझीच यायची इच्छा होती म्हणायच्या, तुझ्या बापानं लिहून दिलंय. मी हो म्हणायचे."

"तू सांगितलं का नाहीस की तू असं म्हणाली नव्हतीस?"

"सांगून काय? आण्णा खोटे ठरले असते. आणि तुझं लग्न व्हायचं होतं. अक्षर तुझं आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मला रडू आलं. ती नाही रडली. मी विचारलं, "क्षमा केलीस ना?" ती म्हणाली, "दरवर्षी म्हणतेच की उत्तम क्षमा. यंदा जरा विचार करून म्हणते. थांब थोडी." मग कुकर बंद करायला गेली.

मी थांबले आहे. हे वाक्य लिहीपर्यंत तिचं उत्तर आलेलं नाही, आणि मी घाई करणार नाही. तीही पंचेचाळीस वर्षं थांबलीच होती.

चार दिवसांनी तिनं स्वतःहून फोन केला, पण सूनबाईच्या कादंबरीबद्दल विचारायला. ती पानं मी तिला पोस्टानं पाठवली होती. म्हणाली, "पोरीला सांग, चांगलं लिहितेस. पण त्या आईला रात्री इतकं बोलायला लावू नको. त्या काळी कुणी इतकं बोलत नव्हतं. आपली आईसुद्धा त्या दिवशी काही बोलली नव्हती. नुसती माझ्याजवळ येऊन शेंगा फोडायला बसली होती."

सूनबाईनं ऐकलं. ते पानभर बोलणं तिनं काढून टाकलं. आता त्या प्रसंगात जयंतीबाई मुलीशेजारी येऊन बसतात, एवढंच आहे. समासात 'क' तसाच आहे. मी तिला म्हटलं, त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'आ' पण लिही.

हे सगळं तुम्हाला सांगू का, असं मी अक्काला विचारलं. रहोभ्याख्यानाचा दोष पुन्हा माझ्याच माथी नको. ती म्हणाली, "माझं नाव घालू नको. पण अक्षर कुणाचं होतं ते घाल." म्हणून घातलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी एखादी मुलगी, बहीण, नणंद, जाऊ असेल, जिच्या वतीनं घरातल्यांनी "तिची हरकत नाही", "तिलाही तेच हवंय" असं सांगून टाकलं असेल, तर एकदा दार ओलांडून तिला विचारा. आमच्या घरात ते दार उघडं होतं, तरी मी उठले नाही.

सर्वांना, आणि यंदा कशाबद्दल ते सांगून, उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.